मगारी

चष्मा कपाळावर सरकवायचा, ओठ पुढे काढायचे आणि म्हणायचं, "मगारी." काकांना काहीही विचारा, सुरुवात अशीच.

काका म्हणजे जर्मनीतल्या आमच्या ब्योब्लिंगेनच्या कारखान्यातले इटालियन कामगार. अठराव्या वर्षी कालाब्रियातल्या एका खेड्यातून आले आणि चाळीस वर्षं गाड्यांचे दरवाजे तपासत राहिले. डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवायचे आणि केसाएवढा खड्डा शोधायचे. माझा कॉम्प्युटर म्हणायचा, दरवाजा ठीक आहे. तळहात म्हणायचा, नाही. दरवाजा परत जायचा आणि मी पुन्हा आकडे काढत बसायचो. आम्ही पुण्याचे चौघे त्यांना आपसात काका म्हणत असू. जर्मनमध्ये 'डू', म्हणजे 'तू', म्हणावं लागे, पण मनातल्या मनात माझं अहो-जाहोच चालायचं.

त्या इटालियन शब्दाचा अर्थ मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारला होता.

"कॉफी घेणार का, असं मला विचार," ते म्हणाले.

विचारलं.

"मगारी!" चेहरा असा खुलला, की 'हे काय विचारणं झालं?' हा अर्थ मला आपोआप कळला.

"आता विचार, साहेब आज वेळेवर सोडतील का?"

विचारलं. खांदे उडाले. "मगारी." म्हणजे, बघू या, सोडतीलही.

तिसरा अर्थ त्यांनी शिकवला नाही. एका दुपारी मीच सहज म्हणालो, "निवृत्तीनंतर गावी जाणार असाल ना?" काका हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मगारी." या वेळी आवाज अगदी खाली होता. मला वाटलं, थकले असतील. आम्ही सगळेच थकलेलो असायचो. दोन वर्षांसाठी म्हणून आलेल्या मला तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं.

गावी त्यांनी घर बांधलं होतं. दर ऑगस्टच्या सुट्टीत जाऊन थोडं थोडं. एका वर्षी जिना, एका वर्षी गच्ची. फोटो पाकिटात असायचा. घर छान होतं, पण खिडक्या सगळ्या बंद.

त्यांचा शेवटचा दिवस जवळ आला, तरी कुणी निरोपसमारंभाचं नाव काढेना. मला राग आला. चाळीस वर्षं राबलेल्या माणसाला असंच घालवायचं? मी स्टुटगार्टच्या तमिळ दुकानातून शेंडीवाला नारळ आणला, आईने दिलेली कोरी शाल काढली आणि आठवडाभर जर्मन भाषण पाठ केलं. सकाळी नऊच्या नाश्त्याच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून काकांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आमचे मित्र आता कायमचे आपल्या घरी निघाले आहेत!"

टाळ्या पडल्या. त्या जरा उशिराच पडल्या.

आमचे मायस्टर, म्हणजे शॉपचे मुकादम, मला बाजूला घेऊन म्हणाले, "आल्झो, हे बघ, इथे जाणारा माणूस सगळ्यांना खायला घालतो. त्याला आउसश्टांड म्हणतात. त्याने मुद्दाम नको म्हटलं होतं. तो कुठेही जात नाहीये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पार्किंगमध्ये काकांना गाठून मी माफी मागितली. शाल अजून त्यांच्या खांद्यावरच होती.

"बायको यायला तयार नाही," ते म्हणाले. "नातवंडं इथे आहेत, ती जर्मनमध्ये बोलतात. तिकडे एकटा जाऊन मी काय करू? भिंतींशी बोलू? चार स्टॉपवर राहतो मी. चार स्टॉपसाठी काय निरोप द्यायचा?" मग नारळ वर धरून म्हणाले, "याचं काय करतात?"

मी सांगितलं, आमच्याकडे नव्या घरात राहायला जाताना उंबऱ्यावर फोडतात. त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला. आतलं पाणी ऐकून लहान मुलासारखे हसले.

"मग ठेवतो. तिथेच फोडीन."

त्यांच्या घरी जायचं मी रोज ठरवत होतो. चारच तर स्टॉप. रोज सुटल्यावर अंगात त्राण नसायचं, आणि रविवार कपडे धुण्यात जायचा. अशी दोन वर्षं गेली. याची लाज मला आजही वाटते.

एका सकाळी मायस्टरांनी सांगितलं, काका वारले. मी गेलो तोवर मावशी, म्हणजे त्यांची बायको, गावाहून परतल्या होत्या. दफन तिकडेच करायचं, एवढं एकच काकांनी लिहून ठेवलं होतं. "तीन दिवस घर उघडलं," मावशी म्हणाल्या. "सगळ्या खिडक्या उघडल्या. उजेड किती येतो तिथे, मला माहीतच नव्हतं."

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या फळीवरून नारळ काढून माझ्यापुढे ठेवला.

"कुणाला हात लावू देत नसे. घराचा आहे, म्हणायचा. गडबडीत इथेच राहिला बघ. याचं काय करायचं असतं, मला ठाऊक नाही. तू घेऊन जा."

दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा विचारलं, "आणि तू कधी जाणार परत?"

त्या शब्दाचे तिन्ही अर्थ मला आता येत होते, 'तसं झालं असतं तर!' हा तिसराही. मी नारळ काखेत धरून निघालो.

स्टॉपवर आल्यावर नारळ कानाशी नेऊन हलवला. पाणी केव्हाच आटलं होतं. आतला गोटा सुटून नुसता खुडखुडत होता. बस आली, गेली. मी तो मांडीवर घेऊन बसून राहिलो.