पुलाचे चार सेकंद

पडद्यावर पूल आला आणि थिएटरातल्या खुर्च्या एकदम करकरल्या. माणसं पुढे सरकून बसली होती. हिरो कंदील घेऊन पळत आला, पूल ओलांडला, पलीकडे जाऊन त्याने केस मागे सारले. चार सेकंद. मग गाणं सुरू झालं.

पूल येऊन गेला, हे आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून आवाज आला, "अरे, पूल किधर गया?" दुसरा ओरडला, "ऑपरेटर ने रीळ काटा!" प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघून शिव्या सुरू झाल्या. ऑपरेटर बिचारा निर्दोष होता. पूल त्याने कापला नव्हता. मीच तो लिहिला नव्हता.

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, त्यामुळे पहिला खेळ खच्चून भरला होता. तिसऱ्या रांगेत नईम मिस्त्री बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पोस्टरवर सगळ्यात खाली त्यांचं नाव होतं: 'गेम मार्गदर्शक: नईम उस्ताद'. ऑपरेटरवरच्या शिव्या हळूहळू त्यांच्याकडे वळल्या. "उस्ताद, यही सिखाया इन लोगों को?" नईमभाई मागे वळले आणि शेवटच्या रांगेत मला शोधून माझ्याकडे बघत राहिले. मी पडद्याकडे बघत राहिलो.

मी पटकथा लिहायचो. पटकथा म्हणजे सिनेमात काय दिसणार आणि कोणत्या क्रमाने दिसणार, ते कागदावर मांडणं. चाळीसेक सिनेमे, मालिका आणि डबिंगची कामं केली. त्यातलं लोकांना फारसं काही आठवत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. पण या एका सिनेमाबद्दल मी त्या वेळी जे सांगितलं ते खोटं होतं. आता वय झालं. ते खोटं माझ्याबरोबर जाऊ नये.

सिनेमाचे निर्माते काशिनाथशेठ. काल्हेरला त्यांची भाताची शेती होती, तिथे गोडाऊनं उभी राहिली. पुढे भिवंडीत लूमचे गाळेही त्यांनी बांधले. त्यातल्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शिफ्ट सुटली की कामगार तिथे जायचे. खेळणारा एक आणि त्याच्या खांद्यावरून बघणारे पंधरा. शेठनी ती गर्दी बघितली आणि सिनेमा काढायचं ठरवलं.

"पब्लिक तयार हाय, रायटर," शेठ मला म्हणाले. "आपल्याला निस्ता पडदा लावायचा हाय."

गर्दी ज्या गेमला व्हायची तो परदेशी होता. त्याच्या खोक्यावरची लिपी भिवंडीत कोणाला वाचता येत नव्हती, म्हणून पार्लरात त्याला 'कंदीलवाला' म्हणत. त्याचे हक्क कोणी कोणाकडून घेतले, हे मी विचारलं नाही. त्या कामात न विचारलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे.

गेम साधा होता. एक माणूस कंदील घेऊन अंधाऱ्या किल्ल्यातून चालतो. बोलत नाही. मध्ये चौदा फळ्यांचा झुलता पूल. वारा आला की जागेवर थांबून कंदील झाकायचा, वारा पडला की पुढची फळी. चुकलात तर खाली, आणि परत किल्ल्याच्या दारापासून सुरुवात. तो पूल ओलांडायला लोकांना महिने लागायचे. हे सगळं मला आज माहीत आहे. सिनेमा लिहिताना माहीत नव्हतं, कारण मी तो गेम खेळलोच नाही.

दिग्दर्शक समीरही खेळला नव्हता. तो जाहिरातींतून आला होता. पहिल्याच मीटिंगला म्हणाला, "सर, गेममध्ये स्टोरी नसते. स्टोरी आपण द्यायची." मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात ज्या गोष्टीवर सिनेमा काढायचा तिच्याबद्दल अशी तुच्छता असली, की माणूस हुशार समजला जातो. मीही हुशार समजला जात होतो.

तरी रिसर्च केला असं दाखवणं भाग होतं. शेठ म्हणाले, त्या पार्लरात नईम मिस्त्री म्हणून उस्ताद आहे, त्याला बोलवा. चाळिशीचा माणूस, लूम दुरुस्त करायचा. बोटांच्या चिरांत काळं ग्रीस कायमचं बसलेलं. तो काल्हेरच्या गोडाऊनमधल्या आमच्या ऑफिसात आला आणि उभाच राहिला. मी बस म्हटल्यावर बसला.

"साहब, आप एक बार खेल के देखो," त्याने पहिलंच वाक्य हे टाकलं. "दस-बीस बार मरोगे, तो समझ में आ जाएगा."

"माझं वय बघा हो," मी हसलो. "तुम्हीच खेळा आणि कॅसेट करून द्या. मी बघतो."

चार दिवसांनी कॅसेट आली. पार्लरच्या टीव्हीला व्हीसीआर जोडून त्याने ती केली होती. मी चहा पीत बघितली. अडतीस मिनिटांत गेम संपला. कंदीलवाला कुठेही पडला नाही, कुठेही अडला नाही. पूल आला, वारा नेमका पडलेला, तो सरसर निघून गेला. चार सेकंद. मी वहीत लिहिलं, 'पूल ओलांडतो.' दोन शब्द.

पुढच्या आठवड्यात नईमभाई दुसरी कॅसेट घेऊन परत आले.

"ये क्या है?" मी विचारलं.

"साहब, पहली में सिर्फ मैं खेला. सात साल से खेल रहा हूँ, मेरे को देख के आपको क्या मिलेगा? इसमें सब लोग हैं. शादी की शूटिंग करने वाले का कॅमेरा लाया था." मग कॅसेट पुढे करत म्हणाले, "पहले ये देखिएगा. मेरी वाली बाद में."

मी कॅसेट घेतली आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. घरी व्हीसीआर होता, वेळही होता. पण लूमच्या मिस्त्रीने मला रिसर्च शिकवावा, हे मला रुचलं नाही. कारण एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं, सापडलं नाही.

मग नॅरेशन झालं. नॅरेशन म्हणजे लेखकाने निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला पूर्ण सिनेमा तोंडी सांगायचा. मी कंदीलवाल्याला आई दिली. आईला अंधत्व दिलं. खलनायकाला एक भाऊ दिला आणि भावाला मनपरिवर्तन. गेममध्ये एक शब्द न बोलणाऱ्या माणसाला मी उजेडावर दीड पानाचं भाषण दिलं आणि ते उभं राहून वाचून दाखवलं. शेठनी डोळे पुसले. आज आठवलं की कानशिलं तापतात.

"सर, या पुलावर काय होतं?" समीरने विचारलं.

"काही नाही, चालत जातो."

"मग चार शॉट बास. तिथून डायरेक्ट गाण्यावर."

पटकथेचा एक नियम आहे. एकच गोष्ट दोनदा घडत असेल तर एकदा कापा, प्रेक्षक कंटाळतो. हा नियम मी स्वतः पोरांना शिकवलाय. कंदीलवाल्यात एकच गोष्ट शंभरदा घडते, आणि तीच त्याची गोष्ट आहे. आम्ही नियमाने कापत गेलो आणि उरलेल्या जागेत आई भरली.

गोडाऊनमध्येच सेट लागला. पुलाखाली लोखंडी अँगल मारले होते, हिरोचा पाय मुरगळू नये म्हणून. नईमभाई सेट बघायला आले. पूल हाताने हलवून बघितला. हलला नाही.

"ये गिरेगा कब?" त्यांनी मला विचारलं.

समीरच हसून बोलला, "उस्ताद, हीरो है. हीरो क्यूं गिरेगा?"

सगळे हसले. मीही. नईमभाईंनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "दूसरी वाली देखी?"

"हां, हां. देखी." मी म्हणालो.

हे पहिलं खोटं. लहान होतं, म्हणून सहज निघालं.

सिनेमा दुसऱ्या शुक्रवारपर्यंत टिकला नाही. सोमवारी शेठनी ऑफिसात बोलावलं. नईमभाईंनाही बोलावलं होतं. मी माझ्या टेबलाशी होतो आणि तो खण माझ्या गुडघ्याला लागत होता. नईमभाई समोर उभे होते. या वेळी त्यांना कोणी बस म्हटलं नाही.

"पोरं मना रस्त्यात आडवून विचारतात, शेठ, पूल कुठं खाल्लात," शेठ म्हणाले. "रायटर, खरा सांगा. त्या पुलावर लोक मरतात, पडतात, हा या मिस्त्रीनं तुमाला सांगितला व्हता का न्हाय?"

शेठ पुढच्या सिनेमाचंही बोलत होते आणि तो मलाच लिहायला हवा होता. समीर माझ्याकडे बघत होता. मी फक्त खण उघडायला हवा होता.

"नाही शेठ," मी म्हणालो. "त्यांनी एकच कॅसेट दिली. तिच्यात पूल चार सेकंदांचाच आहे. हवं तर लावून दाखवतो."

"काय रे मिस्त्री?"

नईमभाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाच्या खालच्या खणाकडे. तो माणूस दिवसभर यंत्राच्या आत हात घालून दोष शोधायचा. दोष कुठे आहे ते त्याला दिसत होतं. पण ज्या गाळ्यात तो काम करायचा तो शेठचा होता.

"साहब लिखे-पढ़े आदमी हैं," नईमभाई म्हणाले. "एक बोल रहे हैं, तो एक ही होगी."

त्याच आठवड्यात त्या गाळ्यातल्या लूममालकाने दुसरा मिस्त्री ठेवला. शेठनी तसं सांगितलं होतं, की गाळ्याचा मालक खूश राहावा म्हणून लूममालकाने आपणहून केलं, हे मी विचारलं नाही. पार्लरात नईमभाईंना उस्ताद म्हणणं बंद झालं. दारातून आत आले की कोणीतरी ओरडायचं, "आ गया, चार सेकंद!" मग ते जायचे थांबले. नाव मात्र मागे राहिलं. त्यांच्या गल्लीत लोक त्यांच्या घराचा पत्ता 'चार सेकंद का घर' असा सांगायचे, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

समीरने एका वर्तमानपत्राला सांगितलं की गेम खेळणाऱ्या प्रेक्षकाला अजून सिनेमाची समज नाही. मीही त्यात एक वाक्य घातलं, की आम्हाला चुकीचं मार्गदर्शन मिळालं. छापून आलं. कात्रण कापून ठेवलं होतं मी. इतका मला त्याचा आनंद होता.

पुढचा सिनेमा काही निघाला नाही. ऑफिस बंद करताना खण रिकामा केला आणि कॅसेट घरी आणली. तेव्हा कुठे बघितली.

सुरुवातीला टीव्ही दिसतो, मग कॅमेरा हळूच माणसांकडे वळतो. हिरव्या बनियनमधला एक कामगार पुलावर चढतो आणि पडतो. पुन्हा दारापासून. पुन्हा पडतो. मागचे हसतात. "अबे, हवा को जाने दे!" भिंतीपलीकडे लूम चालू आहेत, खटाखट खटाखट, आणि एक जण त्या ठोक्यावर बोटं मोजून सांगतो, वारा कधी पडणार. हिरव्या बनियनवाला नऊ वेळा पडतो. दहाव्या खेपेला तेराव्या फळीपर्यंत जातो, आणि पंधरा माणसं श्वास धरून उभी आहेत. पडतो. कोणी हसत नाही. एक जण त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि कंट्रोलर स्वतः घेतो.

सिनेमा तो होता. माझ्या खणात पडून होता. आणि मी आई लिहीत बसलो होतो.

तरी मी गेलो नाही. आधी लाज होती. मग सवय झाली. लाज पचवायची सवय लागली की दिवस बरे जातात. जायला मला कितीतरी वर्षं लागली. नईमभाई मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात सामान ओढायच्या हातगाड्यांची दुरुस्ती करतात, असं कळलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गेटवर उभा राहिलो. पिशवीत कॅसेट होती. ते बाहेर आले. दाढी पांढरी झालेली. त्यांनी मला ओळखलं, आणि पिशवीतून डोकावणारी कॅसेटही.

"देखी?" त्यांनी विचारलं.

"देखी."

"कब?"

"सिनेमा उतरल्यावर."

त्यांनी मान हलवली. "कौन अच्छा खेला?"

"हिरव्या बनियनवाला."

"वो?" ते हसले. "वो कभी पार नहीं कर पाया, साहब. गाँव चला गया. पर खेला अच्छा."

मी माफी मागायला सुरुवात केली. वाक्यं तयार करून आणली होती, लेखकच ना. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ये मेरे को मत सुनाओ. मेरे को तो मालूम है. पार्लर वालों को बोलना था."

"पार्लर राहिलं कुठे? तिथे आता मोबाइलचं दुकान आहे."

"तो मैं क्या करूँ?" आवाज पहिल्यांदाच चढला. "मेरी लड़की की शादी में भी लोग वो नाम ले के हँसे. आप लिखते हो ना? सबका लिखते हो. ये भी लिख दो. लंबा मत लिखना. दो कॅसेट थी, इतना लिख दो."

कॅसेट त्यांनी परत घेतली नाही. म्हणाले, आता ती लावणार कशावर. सुट्टी संपली होती, ते आत गेले.

गेमवरचे सिनेमे का फसतात, असं मला अजून कोणी कोणी विचारतं, मला त्यातला जाणकार समजून. मी सांगतो: ज्यांनी ते लिहिलेले असतात त्यांनी फक्त जिंकणारा बघितलेला असतो, तोही चहा पीत. दुसरी कॅसेट आधी बघायची असते. नईमभाईंनी लंबा लिहू नका म्हटलं होतं, तेवढंही मला जमलं नाही.

कॅसेट दोन होत्या.