सरोवरापलीकडची रेंज

बार्बा एर्मेतेंच्या फोनमधलं स्विस ई-सिम मी पुसून टाकलं, तेही उपकार करतोय अशा थाटात.

गाडी इटलीच्या सीमेवरच्या दोमोदोसोला स्टेशनात उभी होती. "नेव्हियो, फोन अडखळतोय, बघ जरा," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. आत दोन सिम, आणि एकावर रेंजच नाही. म्हटलं, हे मेलेलं दिसतंय. काढलं. ते बोगद्यापलीकडे, स्वित्झर्लंडमध्येच जिवंत होणारं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर वाचायला मिळालं. पुसलेलं परत येत नाही. नवं घ्यायचं तर ओळखपत्र, फोटो, अर्धा तास; आणि बोगदा पंधरा मिनिटांवर.

"शाळेत काय शिकवलं रे तुला?" ते म्हणाले.

"जे चालत नाही ते काढून टाकायचं."

"मग तू अजून या गाडीवर कसा?"

आम्ही दोघं त्रालेन्यो गावचे. तिथे वडीलधाऱ्या माणसाला बार्बा म्हणतात. बार्बा बावीस वर्षं व्हेनिस ते पॅरिस या शाही गाडीत एकाच डब्याचे सेवक आहेत. मी त्यांचा मदतनीस, म्हणजे त्यांच्या चुका माझ्या नावावर आणि माझ्या चुका त्यांच्या डोक्यावर. पाहुण्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मालकांनी गाडीत वायफाय ठेवलेलं नाही. त्यामुळे पाहुणे बोलतात, पण बार्बांशी, आणि तेही रेंजबद्दल. कुठल्या पुलावर फोन लागतो, कुठल्या वळणावर तुटतो, सगळं त्यांना तोंडपाठ.

आज फोन त्यांना स्वतःला हवा होता. पुढच्या रविवारी गावात मेरी माउलीची मिरवणूक. मूर्तीच्या पालखीचे चार दांडे, आणि प्रत्येकाचा लिलाव आठवडाभर आधी, म्हणजे आज संध्याकाळी, चर्चच्या अंगणात होतो. बोली पैशांत नसते, डोंगरवाट दुरुस्त करायच्या दिवसांत असते, आणि ती ज्याची त्यानेच तोंडाने लावायची. पुढचा उजवा दांडा बार्बांच्या घरात तीन पिढ्या आहे. या वर्षी लाकूडवखारीच्या गौदेन्झियोचा त्यावर डोळा होता.

नेहमीच्या सिमवर स्वित्झर्लंडमध्ये काहीच लागणार नव्हतं. सीमेजवळच्या गावात स्विस बिलाने पोळलं नाही असं घर नाही. आम्ही सगळ्यांनी तिथलं रोमिंग कंपनीकडूनच बंद करून घेतलंय. पाहुण्याकडे फोन मागणं म्हणजे राजीनामाच देणं.

गाडी हलली. बार्बांनी लिलाव पुकारणाऱ्या देल्फीनाला फोन लावला. "लिलावात आधी गावकऱ्यांनी दिलेले केक विक. मग चीज. मग उरलेसुरले केक. दांडे शेवटी, सातच्या पुढे."

"गौदेन्झियो बोंबलेल."

"बोंबलू दे. त्याला केक खिलव."

आणि बोगदा आला.

"बार्बा, पण पलीकडे..."

"पलीकडे सरोवर आहे," ते म्हणाले आणि हातमोजे चढवून कामाला लागले.

मोंत्रो आलं तेव्हा सात वाजून गेले होते. डाव्या हाताला सरोवर पसरलेलं, त्याच्या पलीकडच्या काठावर फ्रान्स. बार्बांनी फोनमध्ये फ्रेंच नेटवर्क स्वतः निवडलं आणि रेंजच्या दोन काड्या उभ्या राहिल्या. पाण्यावरून येणारी फुकट रेंज! फ्रान्समध्ये आमचं सिम घरच्यासारखंच चालतं.

"स्विस लोक हिला वैतागतात, त्यांचे फोन नको असताना हिला पकडतात," बार्बा म्हणाले. "मी बावीस वर्षं हिला सांभाळून ठेवलंय."

फोन लागला आणि नेमकी सात नंबरच्या खोलीची घंटा वाजली. बार्बांच्या डब्यात घंटा दुसऱ्यांदा वाजत नाही. त्यांनी फोन खिशात टाकला, स्पीकर चालू केला आणि चहाचा ट्रे घेऊन आत गेले. मागोमाग मी. खोलीची खिडकी सरोवराकडेच होती. आत बेल्जियमच्या वृद्ध मादाम कोर्नेलिस.

"साखर, मादाम?"

खिशातून गौदेन्झियो ओरडला, "दहा!"

"बापरे, दहा नको. एक."

"अकरा!" बार्बा खिशाकडे मान वळवून म्हणाले.

मादामनी कप मागे ओढला. "अकरा काय?"

"दिवस, मादाम. रस्त्यावर दगड बसवायचे. लिंबू देऊ?"

"बारा!" गौदेन्झियो. "बाईंना चहा पाजत बोली लावतोय! एर्मेते, तुझे गुडघे बघ आणि मग बोल!"

मादामनी कप खाली ठेवला. "हा कोण उद्धट माणूस?"

"लाकूडवाला, मादाम."

"मग थांबलात का?"

बार्बा ताठ उभे राहिले. लोझान जवळ येत होतं, पुढे गाडी सरोवर सोडते, दोनातली एक काडी गेलीच होती. "चौदा!" ते म्हणाले. "बारा माझे. दोन नेव्हियोचे."

"माझे?" मी.

"नेव्हियोची संमती आहे?" देल्फीनाने विचारलं.

बार्बांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मादामनी मात्र पाहिलं.

"आहे," मी म्हणालो.

चौदाच्या वर जायचं तर गौदेन्झियोला वखार बंद ठेवावी लागली असती. देल्फीनाने सौदा पक्का म्हणून तीनदा टाळी वाजवली आणि रेंज गेली. बार्बांनी मादामना लिंबाची फोड दिली.

रविवारी पुढचा उजवा दांडा त्यांच्याच खांद्यावर होता, आणि गुडघे अजिबात कुरकुरले नाहीत. सप्टेंबरअखेर त्यांचे बारा दिवस फिटले. मी माझा एक दिवस भरला, हाताला चार फोड घेऊन आलो. दुसरा अजून बाकी आहे. देल्फीना पावाच्या दुकानात भेटली की विचारते, मी पाठदुखी सांगतो. बार्बा म्हणतात, वाटेवर माझ्यापुरते दगड त्यांनी वेगळे काढून ठेवलेत, जरा मोठे बघून.