ती घाण नव्हती

गेल्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, सकाळी, पोरांच्या हातात तारेचे ब्रश दिले गेले तेव्हा आमच्या मॅडमवर अन्याय झाला. कोणी केला? त्यांच्याच कॉलेजनं. कसा, ते सांगायचं तर आधी मॅडम सांगायला पाहिजेत.

पाण्यापाशी गेल्या की त्या पहिल्यांदा चपला काढायच्या. देवासाठी नाही. "नीट पाय टाक गं, कोणीतरी राहतं तिथं," म्हणायच्या. मूळच्या उदगीरच्या. नांदेडात आमच्या गल्लीत भाड्यानं राहायच्या आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचा पगार, आणि दर जूनला नोकरी नव्यानं मागायची.

आमची ओळख गल्लीतल्या बोअरच्या पाण्यावरून झाली. मी मोर्चाच्या पत्रकात ‘विषारी पाणी’ असं ठोकून दिलं होतं. त्यांनी पाणी तपासलं, पत्रक वाचलं.

"क्षार जास्त आहेत. विष नाही. खोड ते."

"मॅडम, क्षारावर मोर्चा निघत नाही!"

"मग माझ्यावर काढ," म्हणाल्या आणि चहा टाकला.

सुटी मिळाली की एसटीनं गरम पाण्याच्या कुंडावर. मलाही ओढून न्यायच्या. खरूज-नायट्याची माणसं तिथं आंघोळीला येतात. गंधकाचा वास असा की नाक धरावं. कुंडातलं पाणी दगडी पाटानं खाली वाहतं आणि त्या पाटात रंगांचे पट्टे: उगमाशी फिका, पुढं हिरवा, पाणी निवत जाईल तसा नारिंगी. सायीसारखा जाड थर.

"ही गल्लीच हाय बघ." तिथं गेल्या की मॅडम उदगीरचं बोलायच्या. "वरच्या मजल्यावर ऊन खाणारे. खाली त्यांचं उरलंसुरलं खाणारे, गंधकावर जगणारे. पाण्यातले क्षार बदलले, ऊब बदलली, की भाडेकरू बदलले."

एका म्हातारीनं विचारलं, "बाई, दिसंना तर काहीच. कुठं हायेत तुमचे किडे?"

"मावशी, तुम्ही त्यांच्यावरच बसलाव."

म्हातारी टुणकन उठली. मग आमच्याआधी तीच हसली.

आणि मग ती महाशिवरात्र. यात्रेला पाहुणे येणार म्हणून कुंडावर कॉलेजचं श्रमदान शिबिर लागलं. हिरवं म्हणजे शेवाळ, शेवाळ म्हणजे घाण, घाण म्हणजे ॲसिड ओता आणि घासा! एवढीच त्यांची अक्कल. मॅडम पहिल्या एसटीनं आल्या आणि ॲसिडच्या कॅनपुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"सर, ही घाण नाही. हे जिवंत आहे. माझी पोरं यावर काम करून राहिलीत."

प्राचार्य हसले. "मग काय पाहुण्यांना शेवाळ दाखवायचं? बाजूला व्हा, मॅडम."

"नाही होत."

पोरांनी ब्रश खाली ठेवले. तेव्हा प्राचार्यांनी स्वतः कॅन उचलला आणि मॅडमच्या पलीकडून पाटात ओतला. थर फेसाळला, सुटला, वाहून गेला. दुपारी पांढऱ्या दगडांपुढं फोटो निघाले. मागं फ्लेक्स होता: ‘निसर्ग वाचवा’. लाज वाटत नाही?

जूनमध्ये मॅडमना तास मिळाले नाहीत. कारण सांगितलं, "वर्कलोड नाही." साफ खोटं! तेच तास आज दुसरे सर घेऊन राहिलेत.

मॅडम आता लातूरला असतात. एका क्लासमध्ये डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेला बसणाऱ्या पोरांना चार पर्यायांतला एक निवडायला शिकवतात. फोन केला की माझी ख्यालीखुशाली नंतर. आधी विचारतात, "पाटात काही दिसून राहिलं का गं?"

दिसून राहिलंय, मॅडम. उगमाच्या जरा खाली हिरवी साय धरून राहिलीय. पण ती आधीचीच आहे की कोणी नवं राहायला आलंय, हे सांगणारं माणूस, नांदेडकरांनो, तुम्ही घालवून दिलंत. हो, तुम्हीच. गप्प बसलेले सगळे.

तुमचं पोर त्या कॉलेजात शिकत असेल तर पुढच्या पालक सभेला जा. चहा-बिस्किट राहू द्या. उभे राहा, प्राचार्यांच्या तोंडावर विचारा, "मॅडमना का काढलं?" आणि त्यांना परत घेईपर्यंत खाली बसू नका.