साडूंच्या हाती माईक

माझ्या साडूंना क्रिकेट जेवढं कळतं, तेवढं गोदावरीच्या अलीकडे कुणालाच कळत नाही. पलीकडे कुणी असेल, तर त्याची आणि साडूंची अजून गाठ पडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्काचे यजमान. ताडकळसला शेती, वय साठीच्या उंबरठ्यावर आणि पोट उंबरठा ओलांडून बरंच पुढे. त्यांनी स्वतः कधी बॅट धरल्याची साक्ष देणारा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. एकदा मी धीर करून हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "साडू, ताप उतरवायला डॉक्टरला आधी ताप यावा लागतो का?" ऑफ कुठला आणि लेग कुठला हे मला अजून उभं राहून, हात हलवून बघितल्याशिवाय कळत नाही. मी काय वाद घालणार?

मोठा सामना असला की ते परभणीला आमच्याकडे येतात आणि आल्या आल्या टीव्हीचा आवाज बंद करतात. "हे लोक झालेलं सांगायलेत. झालेलं तर आमच्या म्हशीलाबी दिसतंय. होणार काय, ते सांगा की!" मग होणार काय ते साडू सांगतात. तसं ते होतंच असं नाही. पण तेव्हाही चूक साडूंची नसते. "मी सांगितलं ते बरोबरच होतं, त्यानं टाकलं चुकीचं." जेवायला बसले की ताटाचं मैदान होतं. मधोमध भाकरीची खेळपट्टी, कांद्याची फोड पॉइंटला, भजी स्लिपमध्ये, ठेचा मिडविकेटला. चारठाण्याच्या एका लग्नात वाढपी वरण घेऊन आला, तर हे पंगतीत ओरडले, "थांबा! तिथं शॉर्टलेग हाय!" तो पोरगा एवढा बिचकला, की पुढची काही पानं वरणाशिवायच राहिली. त्यांतलं पहिलं पान माझं होतं.

आणि पोटात काही ठेवणं या माणसाला जमत नाही. माझ्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाला सगळ्यांनी नोकरी विचारली, यांनी विचारलं, "फिरकीला पुढं सरसावता का मागं राहता?" मुलगा बिचारा म्हणाला, "मागं." साडूंनी त्याच्या आईबापांदेखत निकाल दिला, "म्हंजे निर्णयाला लय उशीर लावणार ह्यो." पुढं लग्न झालं म्हणा, पण होकार कळवायला मुलाकडच्यांनी सबंध पावसाळा काढला, हे साडू आजही ऐकवतात.

या इमानदारीपायीच त्यांचा माईक गेला. ताडकळसला दरवर्षी सोयाबीन निघालं की मोकळ्या रानात टेनिसबॉलचे सामने होतात. मांडवात कर्णा लागतो आणि साडू माईकवर बसून तज्ज्ञासारखं विश्लेषण करतात. अडचण एकच. हे विश्लेषण खेळणाऱ्यांनाही ऐकू येतं. एका वर्षी गावचाच बॉलर धावत निघालेला असताना साडू कर्ण्यावरून म्हणाले, "मंडळी, आपला गडी दमला की आखूड टाकतो, आता दमलाय." पाहुण्या फलंदाजानं आभार मानावेत तशी मान डोलावली आणि चेंडू तुरीत घातला. गाव हरलं. पुढच्या वर्षी पोरांनी माईकसाठी बाहेरगावचा शेरोशायरीवाला आणला. आक्काचा मला फोन आला, "तुमच्या साडूंची अन्नावरची वासनाच उडालीय बघा. ताटात काही मांडीनात. या एकदा." ताटात काही मांडत नाहीत म्हटल्यावर मी घाबरलो आणि मोटारसायकल काढली.

त्या दिवशी अंतिम सामना होता, पिंगळीच्या संघाशी. साडू मांडवापासून लांब, बाभळीखाली पाठ करून बसले होते. शायरीवाल्याला चौकार आणि बाद यांत फरक करायची सवय नव्हती; दोन्हीला तो डोळ्यांवरचा शेर म्हणायचा. प्रत्येक शेराला साडूंच्या पाठीवर काटा यायचा. सामना रंगत गेला, आणि शेवटच्या षटकात शायरीवाल्यानं घड्याळ बघितलं, "माझा संध्याकाळी ऑर्केस्ट्रा हाय," म्हणाला, आणि माईक टेबलावर ठेवून चालता झाला. पिंगळीला शेवटच्या चेंडूवर चौकार हवा होता. आमचा कप्तान धावत बाभळीखाली आला.

"काका, माईक घ्या. मी बॉलरला हळू टाक म्हणून सांगितलंय. तुमी कर्ण्यावर म्हणा, जोरात टाकणार."

"म्हंजे खोटं?"

"एकच वाक्य, काका! जिंकलो तर माईक जल्मभर तुमचा. नाहीतर पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

साडू उठले, धोतर झटकलं आणि मांडवात गेले. माईक हातात घेतला. मग कर्ण्यातून ओळखीचा आवाज आला, "मंडळी, बॉलर पळत येणार जोरात, पण बॉल सोडणार हळू. पिंगळीच्या गड्यानं घाई करू नये. थांबावं, मग मारावं."

कप्तानानं डोकं धरून मातीत बसकण मारली. मी आक्काला तोंड कसं दाखवायचं, याचा विचार करू लागलो. पण फलंदाज हसला. यष्टीरक्षकाकडं वळून म्हणाला, "तुमचा म्हातारा मला येड्यात काढायलाय! आपल्या बॉलरचं गुपित कुणी कर्ण्यावर सांगतंय व्हय?" बॉलर जोरात आला. फलंदाजानं सगळा जीव एकवटून बॅट फिरवली, पूर्ण फिरवली, आणि मग, पाहुणा सावकाश चहाला यावा तसा चेंडू आला आणि मधली दांडी घेऊन गेला.

हलगी कडाडली. पोरांनी साडूंना खांद्यावर घेतलं. त्यासाठी बरेच खांदे लागले, माझाही लागला, आणि तो अजून दुखतो. "काय फसवलंत, काका!" "लय बेरकी निघालात!" साडू वरून जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "अरे फसवलं न्हाई! खरं तेच सांगितलं!" पण हलगीपुढं कोण ऐकतंय? कप्तान रडत रडत त्यांच्या पायाला मिठी मारून म्हणत होता, "खरं सांगून फसवलं, काका! ही अक्कल आमाला न्हाई."

माईक आता कायमचा साडूंचा झाला. मात्र तेव्हापासून त्यांच्या एकाही शब्दावर कुणाचा विश्वास नाही. ते म्हणतात आखूड, की फलंदाज पुढं येतो.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. आक्कानं गरम भाकरी वाढली. बाहेर पोरं अजून साडूंच्या नावानं ओरडत होती. साडू ताटाकडं बघत हळूच म्हणाले, "साडू, तुमाला तरी पटलं ना? मी खरंच सांगत होतो."

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं," मी म्हणालो. "म्हणून तर घाम फुटला."

ते खुदकन हसले. मग माझंच ताट जवळ ओढलं, भाकरी मधोमध सरकवली, आणि शेवटचा चेंडू पुन्हा समजावून द्यायला लागले. मला कांदा हवा होता. पण तो पॉइंटला उभा होता. मी भाकरीची कड मोडली आणि कोरडीच खाल्ली.