चिंचेने घासलेलं नाणं

शेजारच्या मालतीवहिनींनी माझ्या तळहातावर तांब्याचं जुनं नाणं ठेवलं. “बघा ना भाऊजी, एक अक्षर उमटलेलंच नाही! टांकसाळीतली चूक असली तर सोनंच की! तुम्हाला दाखवायचं म्हणून चिंचेने लख्ख घासून आणलंय.”

जुन्या नाण्यांचा मला नाद आहे. मी भिंग लावलं. साच्यात घाण अडकली असेल, तर अक्षर उमटत नाही. पण त्या जागीही बाकीच्या नाण्यासारखाच काळपटपणा चढतो. नंतर कुणी अक्षर खरवडलं असेल, तर तिथे बारीक ओरखडे दिसतात, रंग वेगळा पडतो. चिंचेच्या घासण्याने दोन्ही खुणा नेल्या होत्या.

“आता काही सांगता येणार नाही, वहिनी.”

“म्हणजे घाणेरडं आणायला हवं होतं? भलतंच तुमचं!”

समोर माझा मुलगा बसला होता. कॉलेजात आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. बायको म्हणते, तो जन्मापासूनच अबोल. मला तिचं खरं मानायला आवडेल. पण लहानपणी तो बोलताना अडखळला की मी ओरडायचो. पुढे पस्तावलो आणि त्याला इतकं जपलं, सगळीकडे त्याच्या वतीने इतकं बोललो, की त्याचं मूळचं काय आणि माझ्या ओरडण्याचं काय, हे आता कुठल्याच भिंगातून दिसत नाही.

निघताना वहिनींनी त्याला विचारलं, “काय रे, परीक्षा कशी गेली?”

त्याने माझ्याकडे पाहिलं.

“चांगली गेली,” मी म्हणालो.