तेल पाजलेला चेंडू

मलकापूरच्या एका जिनाचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, फुटबॉल क्लब होता. अकरा जण पगारी. हजेरीत त्यांची नावं हमालांच्या रांगेत असत, पण बोजा कोणी उचलत नसे. खेळायचं, जिंकायचं, शेठजींचं नाव पेपरात आणायचं, एवढंच काम. १९३६च्या चैत्रात लागोपाठ चार सामने हातचे गेले. मॅनेजर उकंडरावांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "रविवारी खांडव्याची टीम येते. हरले, तं क्लब बंद. सोमवारपासून कापसाच्या गाठी उचला."

मेहबूब बॅकला खेळायचा. त्याच्या घरी तीन पिढ्या विहिरीच्या चामडी मोटा शिवत, म्हणून क्लबचा चेंडूही त्याच्याच हवाली. उन्हानं चेंडू पार वाळला होता. टाके तडकायला आले होते. फाटला असता तर दुसरा नव्हता. मेहबूबनं मोटेला करतात तेच केलं. शनिवारी चेंडू एरंडेलात बुडवून ठेवला. चामडं मऊ झालं, टाके बसले. मोट जड झाली तरी ओढायला बैल असतात. वजनाचा विचार त्यांच्या घरात कोणी कधी केलाच नव्हता.

सेंटर फॉरवर्ड शालिग्राम त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. पहिल्या हाफात त्यानं दोनदा डोक्यानं चेंडू मारला आणि दोन्ही वेळा गुडघ्यावर बसला.

"अबे मेहबूब, चेंडू हाय का वरवंटा?" हाफ टाइमला त्यानं विचारलं.

"तेल पाजलं मी त्याले. डोकं नको लावू बे. पायानंच खेळ."

"खाली त्यायचे बूट लागून राह्यले. आपण सारे अनवाणी. हवेतलाच चेंडू भेटते आपल्याले." शालिग्राम हसला. "अन् उकंडरावाले सांगू नको. तुलेच आधी काढते थो."

सामना संपत आला तेव्हा कॉर्नर मिळाला. मेहबूब मागून ओरडला, "सोड!"

शालिग्राम उडाला. गोल झाला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, तेव्हा तो विचारत होता, कोण जिंकलं?

मंगळवारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

मेहबूबनं उकंडरावांना खरं सांगितलं. "गप बस," ते म्हणाले. "क्लब राह्यला ना?"

तेरावं झाल्यावर तो शालिग्रामच्या बायकोकडे, झुंबरबाईकडे गेला. दारातच उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. तेलाचं. हाफ टाइमचं.

ती बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "तुमी सांगतलं होतं त्यायले?"

"हाव, वहिनी."

"मंग काऊन लावलं डोकं, मेहबूबभाऊ?"

त्याला ठाऊक होतं. त्याच्यासकट अकरा जणांना सोमवारी गाठी उचलाव्या लागू नयेत म्हणून.

क्लब आणखी सहा वर्षं चालला. मेहबूब शेवटपर्यंत खेळला. उंच आलेल्या चेंडूखाली मात्र तो कधी गेला नाही. उकंडराव सगळ्यांदेखत त्याला भेकड म्हणत. तो ऐकून घेई.