सातशे एक

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी भर मीटिंगमध्ये केलं. चहा आला होता, आमच्या बनारसच्या दफ्तरातले सगळे बसले होते, आणि साहेब सांगत होते की नव्या मोठ्या मशीनवर चार सर्व्हर उभे करायला, त्यांच्यात नेटवर्कचं सॉफ्टवेअर घालायला आणि अडॅप्टर वाटून द्यायला पुण्याहून इंजिनिअर येणार आहे. मी म्हटलं, "इसमें बाहर का आदमी क्यों चाहिए, साहब? मैं कर दूँगी." उचलली जीभ, लावली टाळ्याला! साहेबांनी कप खाली ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "कर दीजिए. इंजीनियर साहब बगल में खड़े रहेंगे. मगर नहीं हुआ, तो आप वापस डाक की मेज़ पर."

डाकेची मेज म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. अकरा वर्षं मी त्या मेजेवर काढली. आलेल्या लखोट्यावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या लखोट्याला डिंक लावायचा. माझ्या बोटांना त्या डिंकाचा वास कायमचा बसला होता. घरी येऊन, पोळ्या झाल्या की मी मशीनची पुस्तकं वाचायची. परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले, तेव्हा कुठे मला मशीनच्या खोलीत एक खुर्ची मिळाली. थंड हवा थेट मानेवर यायची, मे महिन्यातही शाल घेऊन बसावं लागायचं. पण त्या खुर्चीत माझा जीव होता. ती गेली असती तर मी नोकरी केली असती, पण मान खाली घालून.

आता हे मशीन काय असतं ते सांगते, घाबरू नका. लोखंडी कपाटाएवढं एकच यंत्र. त्याच्या पोटात सर्व्हर राहतात, एका घरात भाडेकरू राहावेत तसे. त्यांना स्वतःचं शरीर नाही, पण प्रत्येकाला वाटतं की हे अख्खं मशीन माझंच आहे. बाहेरच्या जगाशी बोलायला मात्र प्रत्येकाला तोंड आणि कान हवेत. तो अडॅप्टर. मशीनमध्ये एक खरं कार्ड बसवलेलं होतं आणि त्या कार्डाचे सोळा नंबर होते, सातशेपासून पुढे. त्यातले लागोपाठचे तीन-तीन नंबर प्रत्येक सर्व्हरला द्यायचे: एक ऐकायला, एक बोलायला, एक माल वाहायला. वाटणीचंच काम की हो. यात काय अवघड?

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी कोष्टक मांडायला बसले. समोर बाबा मटार सोलत होते. माझे बाबा इथल्या, काशीच्या पंचगंगा घाटावर पन्नासेक वर्षं पौरोहित्य करत आले. आता गुडघे गेलेत, त्या उभ्या पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून घरात बसून आमच्यावर देखरेख करतात. त्यांनी वाकून कागद पाहिला आणि म्हणाले, "हे काय, सातशेवरून सुरुवात? पूज्यावरून कधी आरंभ करतात का? सातशे एकवरून कर."

हसू नका. आमच्या घरात सम आकडा शुभकामात चालतच नाही. मोदक एकवीस, दुर्वा एकवीस, ओटी पाच मुठींची, दिवे अकरा. कुणाच्या पानात दोन लाडू पडले तर आई तिसरा टाकल्याशिवाय पुढे सरकायची नाही. मी म्हटलं, चला, सोळा नंबर आहेत, लागणार बारा. एक सुरुवातीला सोडला तर कुठे बिघडतं? पहिल्या सर्व्हरला सातशे एकपासून तीन, दुसऱ्याला सातशे चारपासून, तिसऱ्याला सातशे सातपासून. चौथ्याला सातशे दहापासून. मशीन दहाला 'ए' म्हणतं, पण आपण दहाच म्हणू. कोष्टक देखणं झालं होतं. बाबांनी त्याच्या कोपऱ्यात श्री सुद्धा लिहिला.

शनिवारी सकाळी कोहरा, म्हणजे धुकं, इतका की गल्लीतून चालताना समोरची गाय धडकल्यावर दिसली. नऊ वाजता मी मशीनच्या खोलीत. इंजिनिअरचा फोन आला. विमान दिल्लीत अडकलं होतं.

"ताई, मी पोचतो दुपारपर्यंत," तो मराठीत म्हणाला. मला इतकं बरं वाटलं, की मी भडाभडा बोलायलाच लागले. "या आरामसे. मी सॉफ्टवेअर चढवायला शुरुवात केलीय, तुम्ही आलात की मग बघून घ्या."

तो हसला. "तुमची मराठी भारी आहे हो. अर्धी शुद्ध, अर्धी बनारसी."

"दोन्हीकडची मलाई आहे ती," मी म्हटलं. "पुण्यात कुठे मिळायची!"

साडेअकरापर्यंत चारही सर्व्हरवर नेटवर्कचं सॉफ्टवेअर बसलं, एकही अडथळा नाही. पुन्हा फोन आला तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "तीन-तीन नंबर वाटून ठेवलेत. पाचवा कुणी नाही, चारच." तो म्हणाला, "छान. पण मी येईपर्यंत सुरू करू नका हं ताई. विमानात बसतोय आता." आणि फोन बंद झाला. दोन वाजता लखनौचं मोठं ऑफिस फोनवरून चारही सर्व्हर तपासणार होतं. तो दोनच्या आत पोचणार नव्हता, हे पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. मग मी कशाला थांबते? केलं सुरू.

पहिला सर्व्हर मुका. हूं नाही की चूं नाही. दुसरा लगेच बोलला. तिसरा मुका. चौथा बोलला.

मी म्हटलं, पहिल्याचं सॉफ्टवेअर नीट बसलं नसेल. काढलं, पुन्हा बसवलं. मुकाच. तिसऱ्याचं काढलं, पुन्हा बसवलं. तोही मुका. मग मी केबलला शिव्या दिल्या. पण केबल एकच, आणि तिच्यावरूनच दुसरा नि चौथा मजेत बोलत होते. मग कार्डाला शिव्या दिल्या, बनवणाऱ्याला दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आणि घड्याळात एक वाजला.

बरोब्बर एक वाजता साहेब आत आले. हातात एक कागद. माणूस वाईट नाही, माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस राबला होता. पण दिलेल्या शब्दाला चिकटून राहायची त्याला खोड. म्हणाले, "देखिए, लखनऊ को मैं बोल दूँगा कि कोहरे की वजह से नहीं हुआ. मगर यह ले लीजिए. सोमवार से." टाइप केलेला आदेश होता. डाक विभाग. सही झालेली, तारखेपुढे वेळही घातलेली: सकाळचे नऊ. खाली मी फक्त 'मिळाला' असं लिहून द्यायचं होतं.

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग असा संताप आला की विचारू नका. सकाळीच टाइप करून ठेवला होता म्हणजे! मी अजून कोट काढून खुर्चीत बसलेही नव्हते, तेव्हाच यांनी माझी बोळवण करून ठेवलेली. मी म्हटलं, "साहब, अभी एक घंटा बाकी है. दो बजे लूँगी." त्यांनी कागद मेजेवर ठेवला आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

तो आदेश नजरेसमोर नको म्हणून मी पालथा घातला. मागची बाजू कोरी. पेन हातात होतंच. मी त्यावर चारही सर्व्हरचे पहिले नंबर एकाखाली एक लिहिले. सातशे एक, मुका. सातशे चार, बोलतो. सातशे सात, मुका. सातशे दहा, बोलतो.

आणि पाहतच राहिले. एक नि सात, विषम. चार नि दहा, सम. अगं बाई! विषम तेवढे मुके!

पुस्तक उघडलं. त्या पानाखाली मी स्वतः पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती: तिन्हीतला पहिला नंबर समच असला पाहिजे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं, पण सम आकड्यावरून काही सुरू करायचं असतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. एकवीस मोदकांवर वाढलेली मुलगी मी. पुस्तकाने बिचाऱ्याने सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

कागदावर सातशेवरून पुन्हा मांडायला घेतलं आणि पुन्हा अडले. सातशे, एक, दोन हे पहिल्याचे. मग दुसऱ्याचा पहिला येतो सातशे तीन. पुन्हा विषम! म्हणजे सलग वाटणी होणारच नाही. मग म्हटलं, एक नंबर रिकामा सोडला तर? तीन द्यायचे, चौथा कुणालाच नाही. सातशे, सातशे चार, सातशे आठ, सातशे बारा. चार चोक सोळा. कार्डाचे सोळाच्या सोळा नंबर पुरले, एक कमी नाही, एक जास्त नाही.

"क्या हुआ?" साहेब म्हणाले, कारण मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

"आप बैठिए," मी म्हटलं.

चारही सर्व्हर थांबवले. जुने नंबर सोडवले, नवे बांधले. पुन्हा चूक नको, म्हणून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत गेले, बाबा संकल्प सांगतात तसा. दोनला वीस मिनिटं कमी असताना पहिला सुरू केला. बोलला! दुसरा, बोलला. तिसऱ्याला जरा वेळ लागला, तेवढ्यात मी सगळे देव आठवून घेतले, आणि तोही बोलला. चौथा तर विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा.

"हर हर महादेव!" माझ्या तोंडून निघालं, त्या थंडगार खोलीत, जिथे मोठ्याने शिंकायलाही बंदी.

"महादेव!" साहेब ओरडले. त्यांनाही आवरलं नाही, काशीचे ना.

दोन वाजता लखनौचा फोन आला. साहेबांनी स्पीकर लावला. पलीकडून एकेक सर्व्हर तपासला जात होता आणि मी शाल मुठीत धरून उभी. "चारों मिल रहे हैं. बढ़िया. किसने किया?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, हुद्द्यासकट. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे चूक माझीच की गं. मी नसतं सांगितलं तर—"

"बाबा, तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. अर्धी-अर्धी."

"आणि शेवटी कसं केलंस म्हणालीस? तीन-तीन देऊन पुढची एक जागा रिकामी?"

"हो."

"मग बरोबर आहे. आपण पंगतीत अतिथीचं एक पान मांडून ठेवतो तसंच. त्यात काय एवढं!" चूक आपली आहे हे विसरून ते लगेच गुरुजी झाले होते. फोन ठेवताना मात्र त्यांचा आवाज ओला होता.

इंजिनिअर चार वाजता पोचला, हातात बॅग, डोक्याला माकडटोपी. चारही सर्व्हर पाहिले आणि म्हणाला, "गंगेत घोडं न्हालं म्हणायचं एकदाचं!"

"इथे घोडी नाही, म्हशी न्हातात," मी म्हटलं. "चहा घ्या." मग त्याने माझं श्री घातलेलं जुनं कोष्टक पाहिलं आणि सातशे एकच का ते विचारलं. मी सांगितलं. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

पाच वाजता साहेब निघाले. दारात थांबले, जरा घुटमळले. "वो काग़ज़ दे दीजिए. फाड़ देते हैं."

"कौन सा काग़ज़, साहब?"

"अरे वही, आदेश."

मी मशीनच्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्याच्या दारावर मी तो कागद चारही कोपऱ्यांना टेप लावून चिकटवला होता, आकडे बाहेर आणि आदेश आत. सातशे, सातशे चार, सातशे आठ, सातशे बारा. "वो नहीं मिलेगा," मी म्हटलं. "अब वो मशीन का काग़ज़ है."

साहेबांनी चष्मा वर केला, चारही आकडे वाचले आणि खिशातून पेन काढून खाली तारीख टाकून सही केली. त्या एका कागदावर आता त्यांच्या दोन सह्या आहेत, एक पुढून, एक मागून. मागची मला रोज दिसते. पुढची दाराला चिकटलीय.